बरगडीखाली दोन बोटं

काचेच्या छोट्या नळीत द्रावण घ्यायचं, त्यात बोटाला टोचून काढलेलं थेंबभर रक्त सोडायचं, हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. मग नळीच्या मागे काळ्या रेघा आखलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. गढूळपणात बुडून गेल्या तर पॉझिटिव्ह. सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात हिला, सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, पहिली चाचणी. मी लॅब टेक्निशियन आहे, अशा किती नळ्या उजेडाकडे धरून बघितल्या असतील त्याचा हिशोब नाही, पण अजूनही त्या पाच मिनिटांत माझा श्वास थोडा अडकतोच. समोर आई बसलेली असते, मांडीवर पोर असतं, बोटाला कापूस धरलेला असतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत असते, नळीकडे नाही.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं. माझ्या मावशीची मुलगी छकुली दोन वर्षांची असताना गेली, १९९१ च्या पावसाळ्यात. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि सुट्टी संपली तरी मावशीकडेच राहिले होते, त्यामुळे ती रात्र मला पाठ आहे. दुपारपर्यंत खेळत होती पोरगी. संध्याकाळी कुरकुर सुरू झाली, तापही फार नव्हता, पण चेहरा पांढराफटक पडत गेला आणि पोट डावीकडून टणक झालं, सारखं पाणी मागायची. आजी म्हणाली नजर लागली, कोणी म्हणालं बाहेरचं झालं, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. मावशी तिच्या पोटावर हात ठेवून रात्रभर बसून होती. "पोट दगडावानी झालं वं माय," एवढंच ती परत परत म्हणत होती. सकाळच्या पहिल्या एसटीने तालुक्याला न्यायचं ठरलं होतं, एसटी यायच्या आधीच छकुली गेली.

मावशीला रात्रभर हाताला जे लागत होतं ती प्लीहा होती, डाव्या बरगडीखालचा रक्त गाळणारा अवयव, आमच्याकडची जुनी माणसं जिला पाणथरी म्हणतात ती. हे मला कळायला पुढे पंधरा वर्षं गेली.

छकुलीचा मोठा भाऊ बबलू वाचला. वाचला म्हणजे काय, दर हिवाळ्यात लोळायचा. लहानपणी त्याचे हातपाय फुगायचे, मग गुडघे, मग पाठ. एका डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि वर्षानुवर्षं दर महिन्याला इंजेक्शनं चालली, दुसऱ्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या बाटल्याच बाटल्या लिहून दिल्या. डोळे पिवळे दिसायचे म्हणून कावीळ उतरवणाऱ्याकडेही नेऊन आणलं. त्याचं रक्त लोहाअभावी कमी नव्हतंच. चांगली लाल पेशी अंगात साधारण १२० दिवस टिकते, याच्या पेशी दहा-वीस दिवसांत फुटून जायच्या, त्याच फुटक्या पेशींचा पिवळेपणा डोळ्यांत उतरायचा. शेवटी १९९९ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, नागपूरला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचा इतिहास सगळा ऐकून घेतला, आधी एक बहीण कशी गेली तेही विचारलं, आणि रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीला, पाठवलं. रिपोर्टवर दोन अक्षरं होती, आईबाप दोघांकडूनही सिकलसेलचं सदोष जनुक आलंय असं सांगणारी. एसएस.

मी नंतर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केला त्याचं कारण ही दोन अक्षरं. आणि शिकायला लागल्यावर पहिला धक्का बसला तो हा की बबलूला अकरा वर्षं जे कोणी सांगू शकलं नाही ते जगाला तोवर नव्वद वर्षं माहीत होतं. शिकागोमध्ये १९०४ साली वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकीचा विद्यार्थी दवाखान्यात भरती झाला, अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पेशी लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते छापलं. सगळीकडे हेरिकचंच नाव येतं, मला मात्र नोएल आठवत राहतो. तो शिकून परत आपल्या बेटावर गेला, तिथे लोकांचे दात बघायचा, आणि १९१६ मध्ये बत्तिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. त्याच्या रक्ताने वैद्यकशास्त्राला एक अख्खं प्रकरण दिलं आणि त्याला स्वतःला त्यातलं काहीच मिळालं नाही.

पुढचं तर फारच थक्क करणारं आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या पेशंटचं हिमोग्लोबिनच वेगळं आहे, विजेच्या प्रवाहात ते वेगळ्या चालीने सरकतं, म्हणजे हा रेणूचा आजार आहे. असं एखाद्या आजाराबद्दल पहिल्यांदाच म्हटलं गेलं. मग केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीने ओवलेली असतात, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बाकी १४५ जशीच्या तशी. पण त्या एका मण्यामुळे ऑक्सिजन सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या वळतात, पेशी ताठ होते, वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि मागून येणाऱ्या अडकत जातात. माझ्या नळीत जो गढूळपणा येतो तो हाच. द्रावणातलं एक रसायन पेशी फोडतं, दुसरं ऑक्सिजन काढून घेतं, आणि न विरघळणारं हिमोग्लोबिन रेघा झाकून टाकतं. बबलूच्या गुडघ्यात हिवाळ्याच्या पहाटे जे व्हायचं तेच मी हातात धरून बघत असते.

म्हणजे १९५७ पर्यंत या आजाराचं मूळ आपल्याला अणुरेणूपर्यंत ठाऊक होतं, इतकं खोलवर तेव्हा दुसऱ्या फारच थोड्या आजारांबद्दल माहीत असेल. आणि तरी पोरं मरतच होती, अमेरिकेतही, आफ्रिकेतही, आमच्या गावातही. हा मधला काळ मला फार छळतो. मूळ सापडलं की उपाय आपोआप मागे येतो असं आपल्याला वाटतं, पण तो येत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या जातीचं संशोधन लागतं, ज्यात कोणाला नोबेल मिळत नाही, ज्यात एक साधी गोळी घेऊन दोनशे पोरांच्या मागे दोन-दोन वर्षं फिरावं लागतं.

मेरिलिन गॅस्टन यांची गोष्ट मी आमच्या लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येक पोरीला सांगते. १९६४ साली त्या फिलाडेल्फियात इंटर्न होत्या. एक बाळ आलं, हात सुजलेला, पण कुठे पडल्याझडल्याची खूण नाही. त्यांना काही सुचेना. वरिष्ठ म्हणाले, सिकलसेल बघितलं का? ते त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ती चुटपूट त्यांनी सोडली नाही, पुढचं आयुष्य याच आजाराला दिलं. सिकलसेलच्या लहान मुलांची प्लीहा लवकर निकामी होत जाते, त्यामुळे न्यूमोकोकस नावाचा जंतू काही तासांत जीव घेऊ शकतो. गॅस्टनबाईंनी २३ केंद्रांमधली २१५ मुलं घेतली, अर्ध्यांना रोज दोन वेळा तोंडाने पेनिसिलीन, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पेनिसिलीन घेणाऱ्यांत असे जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या गटातली तीन मुलं गेली, पेनिसिलीनच्या गटातलं एकही नाही. फरक इतका उघड होता की चाचणी ठरल्यापेक्षा आठ महिने आधीच थांबवून सगळ्यांना औषध सुरू केलं. हे छापून आलं १९८६ मध्ये. पेनिसिलीन! दुसऱ्या महायुद्धापासून जगात असलेलं, स्वस्तातलं औषध. १९८६ म्हणजे छकुलीच्या जन्माच्याही तीन वर्षं आधी.

आणि मग जमैका. हे वाचलं त्या दिवशी मी लॅबमधून लवकर घरी गेले होते.

ग्रॅहम सर्जंट नावाच्या डॉक्टरांनी किंग्स्टनच्या व्हिक्टोरिया ज्युबिली हॉस्पिटलमध्ये १९७३ पासून जन्मणाऱ्या बाळांचं रक्त तपासायला घेतलं, एक लाख बाळं तपासली, आणि त्यातली सिकलसेलची मुलं जन्मापासून नजरेखाली ठेवली. त्यांना दिसलं की काही मुलांची प्लीहा अचानक रक्त शोषून घेते, अंगातलं रक्त पोटातच कोंडून बसतं, आणि बाहेर मूल पांढरं पडत जातं. वेळेत रक्त चढवलं तर वाचतं, नाहीतर काही तासांचा खेळ. पण ते काही तास मूल दवाखान्यात नसतं, घरी असतं, आईजवळ. म्हणून त्यांनी आयांनाच शिकवलं, बाळाच्या डाव्या बरगडीखाली बोटं कशी ठेवायची, प्लीहेची कड कशी लागते, रोज बघायचं, वाढलेली वाटली की थांबायचं नाही, निघायचं. एवढंच. त्याआधी अशा शंभर झटक्यांमागे २९ मुलं दगावत होती, त्यानंतर तीन. नोंदवलेल्या झटक्यांची संख्या उलट वाढली, कारण आधी जे कोणाच्या लक्षातच येत नव्हते ते आता आया ओळखायला लागल्या. हे १९८५ मध्ये छापलेलं आहे.

मावशीचा हात रात्रभर योग्य जागी होता. तिला फक्त कोणी सांगितलं नव्हतं की तो काय सांगतोय.

मी हे मावशीला सांगावं की नाही यावर दोन वर्षं घालवली. शेवटी एकदा भात निवडताना सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, सूप खाली ठेवलं, मग म्हणाली, "म्हंजे मले समजत होतं." मी हो म्हटलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि परत सूप उचललं.

आपल्या देशात हा आजार आहे हे १९५२ मध्ये कळलं, लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये बघितला. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत आणि विदर्भातल्या अनुसूचित जातींमध्ये तो खूप आहे, नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत. मूळ कारण मलेरिया. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की आईकडून किंवा बापाकडून एकच सदोष जनुक आलेल्यांना, म्हणजे एएस वाहकांना, जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया तिथे हे जनुक टिकलं. कोणी कोणाच्या जातीचा दोष काढतं तेव्हा मी हे मुद्दाम सांगते. या जनुकाने आपल्या पूर्वजांना जंगलात जगवलंय.

पुस्तकात असं असायचं की भारतातला सिकलसेल सौम्य असतो, कारण आपल्याकडच्या जनुकाच्या घराण्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त उरतं. या गर्भातल्या हिमोग्लोबिनची गोष्ट १९४८ ची, ब्रुकलिनमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी बघितलं की सिकलसेल असलेली नवजात बाळं सुरुवातीचे महिने धड असतात, त्यांच्या पेशी तेवढ्या वाकत नाहीत. ते हिमोग्लोबिन दोऱ्या वळू देत नाही. पण आपल्याकडे सगळ्यांचं सौम्य असतं हे खरं नाही, नागपुरात जन्मापासून मुलांच्या मागे राहून जो अभ्यास झाला त्यात पुष्कळ मुलांना चांगलाच जोराचा आजार दिसला. बबलूला बघणाऱ्या कोणालाही हे अभ्यासाशिवाय सांगता आलं असतं, पण अभ्यास झाला म्हणून ते मानलं गेलं, आणि औषधं द्यायला हात सैल झाला.

ते औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. मूळचं कॅन्सरचं. ते गर्भातलं हिमोग्लोबिन परत वाढवतं. अमेरिकेत २९९ प्रौढ पेशंटवर चाचणी झाली आणि १९९५ मध्ये निकाल आला, दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. पण तिकडचा डोस वाढवत वाढवत सोसेल तिथपर्यंत नेतात आणि सारखं रक्त तपासावं लागतं कारण पांढऱ्या पेशी खाली येतात. आमच्या भागातला माणूस दर पंधरा दिवसांनी मजुरी बुडवून रक्त तपासायला कुठून येणार? नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम असा कमी आणि ठरलेला डोस देऊन बघितला गेला, २०१२ मध्ये ते छापून आलं, आणि तेवढ्यावरही झटके आणि रक्त चढवायची गरज खूप कमी झाली. मला या कामाबद्दल फार आदर आहे. कोणीतरी आपल्या पेशंटकडे बघून, त्याच्या एसटीच्या भाड्याकडे बघून प्रश्न विचारला.

बबलू आज सदतीस वर्षांचा आहे. तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे त्याचं. रात्री जेवल्यावर कॅप्सूल घेतो, फोलिक ॲसिड घेतो, पाण्याची दोन लिटरची बाटली सतत जवळ, थंडीत पहाटे बाहेर पडत नाही, ठरलेल्या दिवशी सीबीसी करून मला फोटो पाठवतो. आधी वर्षातून पाच-सहा वेळा भरती व्हायचा, आता दोन वर्षांत एकदा झाला.

त्या एका वेळेबद्दल लिहायलाच हवं. रात्री दोनला त्याला एका दवाखान्यात नेलं, पाठ आणि छाती दुखत होती, घामाने शर्ट भिजलेला. ड्युटीवरच्या माणसाने नाडी बघितली, बीपी बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाला, आणि बबलूने स्वतःच इंजेक्शनचं नाव सांगितलं तर संशयाने बघायला लागला. "सवय लागली दिसते." चार तास बाकावर. मी नागपूरहून फोनवर ओरडत होते. सिकलसेलचं दुखणं मोजायचं कुठलंही मशीन नाही, पेशंट सांगतो तेच मोजमाप. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने २०२० मध्ये लिहून ठेवलंय की आल्यापासून एका तासात दुखण्याचा पहिला डोस गेला पाहिजे. या एका तासामागेही संशोधन आहे, आणि ते अमलात आणायला प्रयोगशाळा लागत नाही, फक्त समोरच्यावर विश्वास लागतो. आता बबलू मोबाइलच्या कव्हरमध्ये लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवतो. वर ठळक अक्षरांत एसएस, खाली त्याचं नेहमीचं हिमोग्लोबिन, रक्तगट, चालू औषधं. बोलायची ताकद नसेल तर कार्ड पुढे करतो.

लग्नाचं तर वेगळंच. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची. प्रत्येक. "एक झालं ना आजारी, आता पुढचे तिघं चांगले निघतील," असं मला एका बाईने इतक्या भरवशाने सांगितलं होतं, आणि चूक तिची नव्हती, तिला कोणीतरी चार गोल काढून त्यातला एक रंगवून दाखवला होता आणि उठून गेला होता. आता मी चार बिया मुठीत घेते, तीन चिंचोके आणि एक गुंज, एक काढायला लावते, परत मुठीत टाकते, परत काढायला लावते. ते परत टाकणं महत्त्वाचं. दोन-तीनदा काढल्यावर बाईच्या चेहऱ्यावर कळतं की समजलं. आणि हे बोलणं अंगणात सगळ्यांसमोर करायचं नाही. एका गावात शिबिरानंतर वाहकांची नावं भिंतीला लावलेली मी बघितली, त्यातल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, ती स्वतः पूर्ण निरोगी होती. सुई निर्जंतुक असावी याची आपण काळजी घेतो, रिपोर्ट कोणाच्या हातात पडतो याची का घेत नाही?

आता जनुकच दुरुस्त करता येतं. २००८ मध्ये बॉस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी बीसीएल११ए हे जनुक गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करतं हे दाखवलं, क्रिस्पर हे जनुक कापायचं तंत्र वापरून तो ब्रेक काढायची उपचारपद्धती २०२३ च्या शेवटी आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झाली. वॉटसनबाईंच्या १९४८ च्या निरीक्षणातून निघालेला रस्ता इथवर आला. किंमत २२ लाख डॉलर, वर दवाखान्यात आठवडेच्या आठवडे आणि आधी केमोथेरपी. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेची स्वदेशी क्रिस्पर उपचारपद्धती जाहीर झाली, बिरसा मुंडांच्या नावाने 'बिरसा १०१', आणि तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. बातमी वाचून बबलूचा फोन आला. "ताई, माझ्या वेळेपर्यंत येईन का?" मी म्हटलं, चाचण्या व्हाव्या लागतील, घाईने नको, नीट व्हायला हव्यात. मनापासून वाटतं यावी. पण ती येईपर्यंतची वर्षं कॅप्सूल, पाणी, लस, पेनिसिलीन आणि बरगडीखालचं बोट यांच्यावरच काढायची आहेत. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोक तपासायचं ठरलं होतं. तपासणी ही सुरुवात आहे, मला काळजी त्या नळीनंतरच्या वीस वर्षांची वाटते.

मागच्या महिन्यात गावाजवळ शिबिर होतं, मी मावशीला सोबत घेऊन गेले. आता ती सत्तरीला आलीय. एक विशीतली पोरगी आली, मांडीवर नऊ महिन्यांचा मुलगा, रिपोर्ट आठवड्यापूर्वीच आलेला. ती रडत नव्हती, नुसती बसली होती. डॉक्टर औषधं लिहीत होते, मी पेनिसिलीन कसं द्यायचं ते सांगत होते, आपल्याकडच्या मुलांची प्लीहा बरेचदा थोडी मोठीच असते म्हणून रोजची कड माहीत पाहिजे, एवढं बोलून मी वळले तर मावशी सतरंजीवर तिच्याजवळ सरकून बसली होती. तिने पोरीचा हात स्वतःच्या हातात घेतला, बाळाचं झबलं वर केलं आणि तिची बोटं डाव्या बरगडीखाली नेऊन हलकेच दाबली.

"लागली का? मऊ कड?"

पोरीने मान हलवली.

"दोन बोटं हाये आज. उद्या सकाळी आंघोळ घालताना पाय. तीन झाली, अन् पोरगं पांढरं दिसलं, तर एसटीची वाट नको पाहू. कोणाचीबी गाडी थांबव अन् नीघ."

मग तिने झबलं खाली ओढलं आणि म्हणाली, "आता तू कर, मी पायतो."